छुप्या गुणांचा हिशेब: फुटबॉल मॅनेजरच्या पोटात काय चालतं

फुटबॉल मॅनेजर या संगणकावरच्या गेममध्ये आपण संघ चालवतो. त्यात दोन स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारे आघाडीचे खेळाडू आहेत. दोघांचं फिनिशिंग (संधीचा गोल करण्याचं कौशल्य) 15, वेग 14, वय 23, पगारही सारखाच. पहिला हंगामात अठरा गोल करतो, दुसरा तेरा-चौदावर थांबतो. स्क्रीनवरचे आकडे कितीही वेळा पडताळले, तरी फरक कुठे आहे ते दिसत नाही. कामठीच्या मैदानाच्या कडेला वर्षानुवर्षं उभा राहणारा जुना प्रेक्षक मात्र अशा पोट्ट्याला चार सामन्यांत ओळखतो: पायात खेळ आहे, पण रोज येत नाही.

फुटबॉल मॅनेजरनं ही ओळख आकड्यात बांधली आहे आणि ती आपल्यापासून लपवलीही आहे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा चॅम्पियनशिप मॅनेजर 1992 साली बाजारात आला. पुढे त्यांच्याच स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं सेगाबरोबर फुटबॉल मॅनेजर सुरू केला. खेळाडूचे दिसणारे गुण 1 ते 20 या मोजपट्टीवर असतात, आणि त्याच मोजपट्टीवरचे 13 गुण पडद्याआड असतात. त्यांतले पाच खेळाशी जोडलेले: सातत्य, मोठ्या सामन्यातली कामगिरी, दुखापतीची शक्यता, धसमुसळेपणा आणि नवी जागा शिकण्याची तयारी. उरलेले आठ स्वभावाचे: व्यावसायिक शिस्त, महत्त्वाकांक्षा, दडपण पेलणं, निष्ठा, जुळवून घेणं, खिलाडूवृत्ती, डोकं थंड ठेवणं आणि वाद ओढवून घेणं.

या सगळ्याच्या वर 0 ते 200 या मापातली चालू क्षमता असते. नागपूरच्या कॉटन मार्केटात थैली घेऊन निघालात आणि खिशात ठरावीक रक्कम आहे, असं समजा. क्षमता म्हणजे ती रक्कम, गुण म्हणजे भाजी, आणि प्रत्येक भाजीचा भाव खेळाडूच्या जागेवर ठरतो. स्ट्रायकरला वेग आणि फिनिशिंग महाग पडतं, टॅकलिंग (चेंडू हिसकावणं) स्वस्त. दोन्ही पाय सारखे चालत असतील तर त्याचेही पैसे मोजावे लागतात. म्हणून 130 क्षमतेचा दोन्ही पायांचा खेळाडू आणि 130 क्षमतेचा फक्त उजव्या पायाचा खेळाडू शेजारी ठेवले, तर दुसऱ्याचे बाकीचे गुण थोडे वरचे दिसतात. निर्धार या गुणाला मात्र भावच नाही, तो फुकटात मिळतो. दोन खेळाडू अगदी बरोबरीचे वाटत असतील तर जास्त निर्धाराचा घ्यावा, कारण त्यासाठी दुसरं काहीच गमवावं लागत नाही.

संभाव्य क्षमता म्हणजे वरची मर्यादा. कित्येक तरुण खेळाडूंच्या नोंदीत तिथे नेमका आकडा नसतो, उणे चिन्हाचा संकेत असतो. उणे 9 असेल तर नवा गेम सुरू होताना 150 ते 180 मधला कुठलाही आकडा पडतो. मित्राच्या गेममध्ये चमकलेला पोरगा तुमच्या गेममध्ये मधेच थांबला, तर तुमचं प्रशिक्षण चुकलंच असं समजू नका. त्याची मर्यादाच वेगळी पडलेली असू शकते.

छुपे गुण थेट दिसत नसले तरी खुणा सोडतात. पहिली खूण स्वभावाच्या लेबलची. ‘मॉडेल प्रोफेशनल’ लिहिलं असेल तर व्यावसायिक शिस्त 20 पैकी 20 आहे असं धरून चाला. ‘स्लॅक’ असेल तर ती अगदी तळाला. दुसरी खूण माध्यमांशी वागण्याच्या पद्धतीत सापडते. ‘आउटस्पोकन’ खेळाडूत वादाचा गुण चढा असतो, ‘व्होलाटाइल’ खेळाडूचं डोकं लवकर तापतं. तिसरी खूण स्काउटच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याच्या, अहवालातल्या उणिवांच्या यादीत असते. तिथे कामगिरीत सातत्य नसल्याचं किंवा मोठे सामने झेपत नसल्याचं वाक्य आलं, तर ते वाक्य म्हणजेच लपलेला आकडा. बरेच जण अहवालातले तारे बघून खिडकी बंद करतात. तारे तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत दिलेले असतात, संघ सुधारला की तेच तारे कमी होतात. उणिवांचं वाक्य जास्त मोलाचं.

आता सातत्याचा हिशेब. खरं सूत्र कंपनीनं उघड केलेलं नाही, म्हणून सोपं गणित मांडतो. चांगल्या दिवशी स्ट्रायकर सामन्यामागे सरासरी 0.5 गोल करतो, वाईट दिवशी 0.2. पहिल्याचे 38 पैकी 34 दिवस चांगले जातात, दुसऱ्याचे 20. पहिल्याची अपेक्षित बेरीज 17.8 गोल, दुसऱ्याची 13.6. फरक चार गोलांचा. पण गोल ही दुर्मीळ घटना आहे आणि अशा मोजणीत चढउतार मोठा असतो. 17.8 अपेक्षित असतील तर एका हंगामात 13 ते 22 गोल होणं अगदी सामान्य. हाच हिशेब पुढे नेला तर साधारण पाच हंगामांतून एकदा कमी सातत्याचा खेळाडूच जास्त गोल मारून जातो. ‘मी त्याला घेतलं आणि त्यानं पंचवीस गोल केले’ या वाक्यातून गुणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, ते यामुळे.

टॅक्टिकचंही, म्हणजे संघ कसा खेळवायचा त्या आखणीचंही, असंच. तुमचा संघ निम्मे सामने जिंकतो, पाव बरोबरीत सोडवतो, पाव हरतो असं धरा. 38 सामन्यांत लीगच्या तक्त्यात सरासरी 66.5 गुण मिळतील आणि निव्वळ योगायोगानं होणारी हालचाल दोन्ही बाजूंना 8 गुणांची. तोच संघ, तीच टॅक्टिक, एका वेळी 59 गुण आणि पुढच्या वेळी 74. या फरकाचं श्रेय विंगरची (कडेनं खेळणाऱ्याची) भूमिका बदलण्याला देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

गुणाचा परिणाम खरोखर मोजायचा असेल तर एकच सेव्ह (साठवलेला गेम) घ्या, लीग सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा. त्याची प्रत करा आणि इन-गेम एडिटर, म्हणजे चालू गेममधले आकडे बदलणारं साधन, वापरून एकाच गोष्टीत बदल करा, उदाहरणार्थ सातत्य 8 वरून 18. एका खेळाडूत बदल केला तर संघाच्या लीगमधल्या गुणांवर परिणाम इतका बारीक होतो की तो योगायोगात बुडतो, म्हणून अकराही जणांचं सातत्य एकदम बदला. मग हॉलिडेवर जा, म्हणजे गेम तुमच्याशिवाय आपोआप पुढे चालू द्या. सध्याची टॅक्टिक वापरण्याचा पर्याय चालू ठेवा, येणारे सगळे ट्रान्सफर प्रस्ताव नाकारायला सांगा आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी परत या. लीगमधले गुण, गोल आणि मोठ्या दुखापती वहीत उतरवा, सेव्ह न करता बाहेर पडा, पुन्हा तीच फाइल उघडा. मूळ फाइल दहा वेळा, बदललेली दहा वेळा. सलग दहा हंगाम खेळवू नका, त्यात खेळाडूंची वयं वाढतात, संघ बदलतो आणि तुलना हातातून जाते. दहा-दहा हंगामांच्या सरासरीत 7 गुणांपेक्षा जास्त अंतर पडलं तरच ते गंभीरपणे घ्यावं. 3 गुणांचं अंतर पडलं तर अजून हंगाम चालवा.

गेमच्या आधी उघडणारा मोफत एडिटर वापरणाऱ्यांची फसगत दोन ठिकाणी होते. तिथे एखाद्या गुणासमोर 0 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘तो आकडा गेमनं स्वतः ठरवावा’. असे रकाने तसेच सोडले तर प्रत्येक नव्या गेममध्ये वेगळा खेळाडू तयार होतो. दुसरं, तिथे फिनिशिंग 12 चं 18 केलं आणि चालू क्षमता तशीच ठेवली, तर गेम सुरू होताना क्षमतेच्या रकमेत बसवायला बाकीचे गुण खाली ओढले जातात. तुम्ही फिनिशिंग तपासत आहात असं वाटतं, प्रत्यक्षात वेग कमी झालेला असतो. गेम सुरू झाल्यावर खेळाडूचं पान उघडून प्रत्येक आकडा जुळवून बघा.

वीस हंगाम चालवणं हे प्रोसेसरचं काम आहे, ग्राफिक्स कार्डाचं नाही. डेटाबेस छोटा ठेवा आणि एकाच देशाच्या लीग चालू करा, वेळ खूप वाचतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा लॅपटॉप आपला वेग आपोआप उतरवतो आणि तोच हंगाम जास्त वेळ खातो. कूलरसमोर लॅपटॉप ठेवण्याचा मोह आवरा, ती हवा ओलसर असते. रात्री जेवण झाल्यावर एकेक हंगाम लावावा आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, मागची कड दोन बोटं उचलून ठेवावी.

वहीत प्रत्येक पानाच्या वर गेमची आवृत्ती आणि अपडेटचा क्रमांक लिहा. अपडेटमध्ये मॅच इंजिन (सामना घडवणारा गेमचा भाग) बदललं असेल तर आधीचे दहा हंगाम नव्या हंगामांच्या सरासरीत मिसळू नका. दोन्ही फाइल्स पुन्हा पहिल्या हंगामापासून चालवा.