वारसा-नियोजन (ठाणे व नवी मुंबई)

आपल्या पश्चात आपली मालमत्ता कोणाकडे, किती हिश्श्याने आणि कोणत्या दस्ताच्या आधारे जावी, हे हयातीतच ठरवून लेखी करून ठेवण्यास वारसा-नियोजन म्हणतात. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कौटुंबिक व्यवस्थापत्र आणि नामनिर्देशन ही त्याची प्रमुख साधने होत. मृत्यूनंतर मालमत्तेवर आकारली जाणारी इस्टेट ड्युटी भारतात १९८५ मध्ये रद्द झाल्यामुळे येथे कर वाचवणे हा या नियोजनाचा गौण भाग आहे. वारसांमध्ये तंटा होऊ नये, हाच त्याचा खरा हेतू.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. नौपाड्यातील जुनी पागडीची खोली, घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीतील फ्लॅट, वाशी किंवा नेरूळमधील सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर आणि मूळ गावची सात-बारावरील शेती अशी चार प्रकारची मालमत्ता एकाच कुटुंबाकडे असू शकते, आणि यांतील प्रत्येकीचा वारसांकडे जाण्याचा मार्ग निराळा असतो. वडिलांच्या मनात एक असते, कागद दुसरेच बोलतो आणि त्यांच्या मागे खात्रीने सांगणारे कोणी उरत नाही. भावंडांमधील बहुतेक वाद लोभापेक्षा या संदिग्धतेतूनच उभे राहतात.

मृत्युपत्र नसल्यास व्यक्तिगत, म्हणजे ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे लागू होणाऱ्या, कायद्यानुसार वाटणी होते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या वारसांना मिळते. पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा त्यात समान हक्क असतो. वडील मात्र वर्ग दोनमध्ये येतात. पतीच्या माघारी घर आपोआप पत्नीचे होते, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. समजा, एका गृहस्थांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे आणि त्यांच्या मागे पत्नी, मुलगा, मुलगी व वृद्ध आई आहे. मृत्युपत्र नसेल तर प्रत्येकाला एकचतुर्थांश हिस्सा मिळतो. पुढे आईही मृत्युपत्र न करता वारल्या आणि त्यांना आणखी एक मुलगा व एक मुलगी हयात असतील, तर आईच्या चतुर्थांशाचे तीन भाग होतात. एक भाग दिवंगत मुलाच्या मुलांकडे राहतो. उरलेले दोन, म्हणजे मूळ फ्लॅटचा प्रत्येकी एकबारांश हिस्सा, दिराकडे आणि नणंदेकडे जातो. ज्या घराचे हप्ते नवरा-बायकोने मिळून फेडले, ते विकताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना त्या विधवेला दीर-नणंदेच्या सह्या मागाव्या लागतात. यात कोणी कोणाला फसवलेले नसते. कायद्याने आपले काम केलेले असते. एका पानाच्या मृत्युपत्राने हे टळले असते.

हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम त्याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये दिला आहे आणि तो नोकरदार स्त्रियांनी विशेष जाणून घ्यावा असा आहे. तिचे पहिले वारस मुले व पती होत. ते कोणीच नसतील तर तिची स्वतःची कमाई आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यानंतर लागतो. केवळ माहेरच्या आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. आपल्या पगारातून घेतलेले घर म्हाताऱ्या आईला मिळावे, अशी निपुत्रिक विधवेची इच्छा असेल, तर मृत्युपत्र करण्यावाचून तिला गत्यंतर नाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार, असते. महाराष्ट्राने हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने तोवर अविवाहित असलेल्या मुलींना दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून एकत्र कुटुंबाची जमीन केवळ मुलग्यांना देणारे वडिलांचे मृत्युपत्र त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतेच चालते. मुस्लिम कायद्यात सर्वसाधारणपणे मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. ठाण्यातील ईस्ट इंडियन व इतर ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यात मृत्युपत्र नसेल आणि संतती असेल तर विधवेला एकतृतीयांश व संततीला दोनतृतीयांश मिळते. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, हा नियमही त्यांना लागू आहे, हिंदूंना नाही.

नामनिर्देशनाविषयीचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ‘सोसायटीत नॉमिनी लावला आहे, आता काळजी नाही’ हे वाक्य या भागातील घराघरांत ऐकू येते. नॉमिनी हा सामान्यतः वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालक नसतो. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे सरबती देवी खटल्यात, डिसेंबर १९८३ मध्ये सांगितले आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत शक्ती येझदानी खटल्यात, डिसेंबर २०२३ मध्ये तेच तत्त्व कायम ठेवले. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक अपवाद आला : आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास ते लाभार्थी नॉमिनी ठरतात व रक्कम त्यांचीच होते. गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला केवळ तात्पुरता सदस्य करून घेतले जाते आणि मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांचे व्यवस्थापत्र यांच्या आधारे हक्कदार ठरलेल्या व्यक्तीकडे हिस्सा नंतर जातो. बँक खात्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नॉमिनी नेमता येतात. सोय मोठी आहे, पण पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढेच त्यातून ठरते. नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी शक्यतो एकच असावेत. ते वेगळे ठेवायचे असतील तर कारण मृत्युपत्रात नमूद करावे, कारण थोरल्याचे नाव सोसायटीत आणि धाकट्याचे मृत्युपत्रात, एवढ्यावरून वर्षानुवर्षांचे दावे उभे राहतात.

मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान व शुद्धीवर असावी, तिने त्यावर सही किंवा अंगठा करावा आणि ते पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी तिच्यासमक्ष सही करावी, एवढ्याच भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील प्रमुख अटी आहेत. दोघा साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही, तरी तसे असणे इष्ट. मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो, मराठीत लिहिले तरी पूर्ण वैध असते. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणीही ऐच्छिक आहे; मात्र नोंदणीमुळे सही खोटी असल्याच्या आरोपाला बराच आळा बसतो. कोणाला मजकूर कळू द्यायचा नसेल तर मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची तरतूद नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे; तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. नोंदणीकृत मृत्युपत्र अंतिम असते, हे मात्र खरे नाही. नंतर केलेले, नोंदणी नसलेले मृत्युपत्रही आधीचे रद्द करू शकते. म्हणून प्रत्येक नव्या मृत्युपत्रात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द करीत आहे’ हे वाक्य हवेच.

न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना एका तरी साक्षीदाराची साक्ष लागते. साक्षीदार समवयस्क मित्र असतील तर तेही तोवर हयात असतीलच असे नाही, म्हणून वयाने लहान, जवळपास राहणारा आणि मालमत्तेत काही न मिळणारा साक्षीदार निवडावा. ज्याला सर्वाधिक मिळते त्यानेच वकील आणला, मजकूर सांगितला आणि आजारी वडिलांची सही घेतली, अशा परिस्थितीला न्यायालये संशयास्पद मानतात आणि संशय दूर करण्याचा भार लाभार्थ्यावर टाकतात. त्या दिवशीचा कुटुंबाच्या डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नसला तरी येथे उपयोगी पडतो. एखाद्या मुलाला कमी द्यायचे असेल तर कारण सौम्य शब्दांत लिहावे : त्याच्या शिक्षणाला किंवा धंद्याला पूर्वीच अमुक रक्कम दिली आहे, किंवा धाकट्या मुलीने शेवटच्या आजारपणात सांभाळले, असे. वगळले गेलेले अपत्य कोर्टात जाते ते पुष्कळदा हिश्श्यासाठी नव्हे, तर आपल्याला का वगळले याच्या उत्तरासाठी. दागिन्यांचेही तसेच. आईच्या पाटल्या कोणत्या मुलीच्या आणि मोहनमाळ कोणत्या सुनेची, हे वर्णन व वजनासह लिहिलेले नसेल, तर फ्लॅटची वाटणी शांतपणे झालेल्या घरातही अबोला धरला जातो. ‘याखेरीज माझे जे काही निघेल ते’ अमक्याला, हे शेवटचे कलम विसरू नये.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, म्हणजे मुंबईत, हिंदूंच्या मृत्युपत्रास अनेक दशके प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती होती. ठाणे व नवी मुंबई त्या हद्दीबाहेर आहेत, म्हणून येथील माणसाने येथेच, येथील मालमत्तेपुरत्या केलेल्या मृत्युपत्राला ती सक्ती नव्हती. तरीही सावधगिरी म्हणून बँका व संस्था प्रोबेट किंवा न्यायालयाचा दाखला मागतात. हे दाखले दोन प्रकारचे असतात : १९२५ च्या अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र केवळ येणी व रोख्यांसाठी असते, तर स्थावर मालमत्तेसह सर्वसाधारण वारस दाखला मुंबई प्रांताच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली दिवाणी न्यायालय देते. नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागलेली असल्याने घणसोली-ऐरोलीची प्रकरणे ठाणे जिल्ह्यात व खारघर-पनवेलची रायगड जिल्ह्यात जातात.

नवी मुंबईतील मूळ गावांची गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादित झाली. १९८४ च्या जासई येथील प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांच्या आंदोलनाची आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाची फलश्रुती मानल्या जाणाऱ्या साडेबारा टक्के योजनेत प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात विकसित भूखंड मिळू लागले, पण तोवर अनेक मूळ खातेदार वारले होते. सात-बारावर एका भावाचे नाव ‘एकत्र कुटुंब कर्ता’ म्हणून लागलेले, बाकीच्या भावांची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात किंवा कोठेच नाहीत, बहिणींची वारस नोंदच झालेली नाही, अशा स्थितीत भूखंडाचे मोल पुढे कित्येक पटींनी वाढले आणि आगरी-कोळी कुटुंबांतील चुलतभावांचे दावे उभे राहिले. सिडको, भूखंडधारक व बिल्डर यांच्यातील त्रिपक्षीय करारात ज्यांच्या सह्या राहिल्या, त्यांचे वारस आजही हिस्सा मागतात. फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही. तरी वारस नोंद वेळेवर, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांच्या आत कळवून केलेली असली तर नंतरचे निम्मे काम हलके होते. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने मृत्युपत्राने मिळालेले घरही सिडकोच्या दप्तरी वारसाच्या नावे करून घ्यावे लागते. गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या घरांना पुरेसे कागदच नसतात. तेथे कोणता मजला कोणत्या मुलाचा हे मृत्युपत्रात चतुःसीमा, घरपट्टी क्रमांक आणि वीजमीटर क्रमांकासह लिहिणे, हाच काय तो आधार.

पागडीच्या खोलीबाबत उलट दक्षता लागते. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार निवासी जागेत तो मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. पुण्याला स्थायिक झालेल्या मुलाच्या नावे खोली लिहून ठेवणे म्हणूनच निष्फळ ठरते.

हयातीतच मालमत्ता देण्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र करतात. महाराष्ट्रात पती-पत्नी, मुले व नातवंडे यांना राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र असल्याने हा मार्ग सोपा वाटतो, पण बक्षीसपत्र मृत्युपत्रासारखे मनात आले म्हणून बदलता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या अधिनियमाचे कलम २३ सांभाळ न करणाऱ्याच्या नावचे हस्तांतरण रद्द करण्याची मुभा देते; मात्र सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी. डोक्यावरचे एकमेव छप्पर मुलाच्या नावे करून देण्याची घाई कोणत्याही ज्येष्ठाने करू नये.

बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत या भागात अजून रुळलेली आहे. दहावे-तेरावे उरकते न उरकते तोच कागद पुढे येतो, आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. स्वेच्छेने केलेले हक्कसोडपत्र नोंदणीनंतर पूर्ण वैध असते. दुःखात, न वाचता घेतलेली सही मात्र पुढे फसवणुकीच्या आरोपाचे कारण होते, आणि तिच्यापायी भाऊबीज कायमची थांबल्याची उदाहरणे आहेत. वडिलांनी मुलीला काय द्यायचे ते स्वतः लिहून ठेवले असते, तर भावाला मागण्याची आणि बहिणीला नाकारण्याची वेळच आली नसती. सर्वांच्या संमतीने कौटुंबिक व्यवस्थापत्र करणे हा यापेक्षा कितीतरी स्वच्छ मार्ग आहे. पूर्वी तोंडी झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून केलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने काळे खटल्यात १९७६ मध्ये म्हटले आहे.

परदेशातील मुलांसाठी कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) वापरले जाते. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, हे अनेकांना ठाऊक नसते. वडिलांच्या कुलमुखत्यारपत्रावर त्यांच्या पश्चात बँकेतून काढलेली रक्कम मुलाला अडचणीत आणते.

या सर्व दस्तांबरोबर एक यादी लागते : खाती, ठेवी, लॉकर, डीमॅट, विमा, भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचे भागपत्र, मूळ करारनामा, उसने दिलेले-घेतलेले पैसे आणि मूळ मृत्युपत्र कोठे ठेवले आहे ते. दहा वर्षे दावा न झालेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग होतात. त्यांचा शोध २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर घेता येतो व वारसांना त्या परत मागता येतात. यादीत पासवर्ड लिहू नयेत, पण ती घरातील किमान दोघांना ठाऊक असावी, आणि घरात लग्न, जन्म, घटस्फोट किंवा मृत्यू घडला की मृत्युपत्रासह तपासून घ्यावी.