दोन आकडे, दोन सूत्रं आणि त्यामागची शंभर वर्षं

कोकणात डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या अगदी शेवटच्या खांबावर ज्याचं घर आहे, त्याला व्होल्टेज कमी येणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. संध्याकाळी वाडीतले पंप एकदम चालू झाले की ट्यूब पकडत नाही आणि विहिरीवरची मोटर नुसती घुमत राहते. अशा वेळी जाणता वायरमन दोन आकडे घेतो, व्होल्टेज आणि करंट. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिळतो ओहममध्ये, दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते वॅटमध्ये. २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेणारा गिझर साधारण २००० वॅटचा, आणि त्याच्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या जरा वर. (मोटरचा हिशेब इतका सरळ नाही, तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे गुणाकारातला काही भागच खऱ्या कामाला लागतो.) शाळेच्या पुस्तकात हे एका पानात उरकतं. प्रत्यक्षात ही दोन सूत्रं जुळायला शतक गेलं, आणि घोडं अडलं होतं ते गणितापाशी नव्हे, मोजमापापाशी.

इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने १७८१च्या सुमारास वेगवेगळ्या पदार्थांतून वीज किती सहज जाते हे ताडून पाहिलं. करंट मोजायचं साधन तेव्हा नव्हतंच. स्वतःच्या अंगाला बसणारा झटका किती जोराचा, यावरून तो अंदाज बांधी. एवढ्यावर तो व्होल्टेज-करंटच्या नियमाच्या अगदी जवळ पोचला होता, पण छापलं काहीच नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याचं लिखाण १८७९मध्ये प्रसिद्ध केलं, तोवर नियमाला दुसऱ्याचं नाव लागून गेलं होतं.

१८००मध्ये व्होल्टाची बॅटरी आली. १८२०मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेडला तारेतल्या करंटने चुंबकसुई हलताना दिसली, आणि करंट मोजण्याची वाट मोकळी झाली.

जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेतला शिक्षक, कुलुपं करणाऱ्याचा मुलगा. १८२५मध्ये त्याने पहिलं सूत्र छापलं आणि ते चुकलं. कारण बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत होता. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला बॅटरी सोडून उष्णतेवर चालणारी जोडी वापरायला सुचवलं, म्हणजे दोन धातूंचे सांधे, एक गरम आणि एक थंड ठेवला की वीज देणारे. मग ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमान हलत नाही, म्हणून जोरही हलत नाही. तांब्याच्या सारख्याच जाडीच्या, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या तारा एकेक करून लावल्या आणि टांगलेली सुई जागेवर आणायला किती पीळ द्यावा लागतो ते टिपलं. १८२६मध्ये नियम हाती आला. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: आधी स्थिर उगम, मग सूत्र.

आणि ते सूत्र पुस्तकातल्यापेक्षा भरलेलं होतं. भागाकाराच्या खाली फक्त लावलेली तार नव्हती, तिच्या जोडीला उरलेल्या सगळ्या मंडलाचा (सर्किटचा) स्वतःचा रोधही होता. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं, पण स्वागत थंडच झालं. त्याने नोकरी सोडली. रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं १८४१मध्ये, म्यूनिकचं प्राध्यापकपद १८५२मध्ये. दोन वर्षांनी तो गेला.

दुसऱ्या, शक्तीच्या सूत्राचा धागा इंग्लंडच्या जूल या शास्त्रज्ञाचा. पाण्यात बुडवलेल्या तारेने पाणी किती तापतं ते मोजून त्याने १८४०च्या सुमारास दाखवलं की उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. १८८१च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एककं ठरली. वॅट हे नाव १८८२मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवलं.

तो वर्ग किती महत्त्वाचा, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी लवकरच कामाला आलं. १९१५मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईला निघाली ती सुमारे १ लाख व्होल्टवर. १००० किलोवॅट २३० व्होल्टवर न्यायचे तर ४३०० अँपिअरच्या वर करंट लागेल, १ लाखावर फक्त १० अँपिअर पुरतात. तारेतली हानी करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून एवढं उंच व्होल्टेज.

आता पुन्हा शेवटचा खांब. समजा गिझर बंद असताना घरात २२८ व्होल्ट दिसतात आणि चालू केल्यावर २०५. त्या वेळी करंट ७.७५ अँपिअर. पडलेले २३ व्होल्ट भागिले ७.७५ म्हणजे जवळजवळ ३ ओहम, हा तुमच्यापर्यंतच्या वाटेचा रोध. गिझरला मिळतात १५९० वॅट, आणि १७८ वॅट वाटेतच तापण्यात जातात. सगळीच वाट सारखी तापत नाही. खाऱ्या वाऱ्याने अॅल्युमिनियमच्या सांध्यावर पांढरी भुकटी धरते, तांबं हिरवं पडतं. त्या ३ पैकी एखादा ओहम अशा एकाच सांध्यात असला तर त्या बोटभर जागेत ६० वॅट उष्णता निघते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणून नुसतं बिनलोडचं व्होल्टेज बघून "सप्लाय बरोबर आहे" म्हणणाऱ्याला थांबवावं आणि लोड चालू असताना दोन्ही आकडे एकदम घ्यायला लावावेत.