मांजर घड्याळ बघतं की हात?

डेस्कटॉपच्या कोपऱ्यात बसून मधूनमधून ‘ऊठ जरा’ म्हणणारं मांजर बनवायला घेतलं की आठवडा चित्रांत जातो आणि टायमर दहा मिनिटांत उरकला जातो. मांजर उपयोगाचं ठरतं ते मात्र टायमरवर. ‘ब्रेक टायमर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रं खपतात. एक घड्याळी, म्हणजे सुरू केल्यापासून २० मिनिटं झाली की बोलतं. दुसरं शेवटची कळ दाबून किंवा माऊस हलवून किती वेळ झाला ते मोजतं. त्याला निष्क्रियता-टायमर म्हणू.

फरक दुपारी चारला गोव्यात म्हापशातल्या घरात दिसतो. काम सुरू करून तेरा मिनिटं झालीत, बाहेर पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पॉं पॉं भोंगा वाजला. तुम्ही फाटकापाशी गेलात, चार उंडे (पाव) घेतले, शेजारणीशी बोललात, सात मिनिटांनी परत बसलात. घड्याळी मांजर त्याच क्षणी जांभई देतं, ‘थकलात, उठा!’ असं दोनदा झालं की कोणीही राइट क्लिक करून ते बंद करतो. निष्क्रियता-टायमरला तुम्ही गेला होतात हे कळलेलं असतं.

विंडोजवर शेवटच्या कळीची किंवा माऊसच्या हालचालीची वेळ गेटलास्टइनपुटइन्फो हे तयार फंक्शन देतं. पायथनमधून सीटाइप्स या लायब्ररीने ते बोलावताना, त्याला द्यायच्या रचनेतला सीबीसाइझ (रचनेचा आकार) आधी भरा, नाहीतर उत्तरच मिळत नाही. विंडोज सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणाऱ्या गेटटिककाउंटमधून ती वेळ वजा केली की निष्क्रियता मिलिसेकंदांत मिळते. हा काउंटर ३२ बिटांचा, म्हणून ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकीवर ३२ बिटांचा मास्क लावला, म्हणजे उत्तराचे शेवटचे ३२ बिटच ठेवले, की प्रश्न मिटतो. लिनक्सवर पडदा सांभाळणारी यंत्रणा एक्स११ असेल तर एक्सप्रिंटआयडल हा छोटा प्रोग्रॅम हेच काम करतो, वेलँड ही नवी यंत्रणा असेल तर मात्र त्याच्यावर विसंबू नका.

आता निष्क्रियता-टायमर कुठे फसतो ते बघा. दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग लावून चाळीस मिनिटं हात बांधून बसलात, तर त्याच्या लेखी तुम्ही चाळीस मिनिटं विश्रांती घेतलीत. डोळे मात्र पडद्यालाच चिकटलेले. उलटही होतं. काचेच्या टेबलावर ठेवलेला ऑप्टिकल माऊस हात न लावता थरथरतो, बाण एखादा पिक्सेल सरकतो आणि तुम्ही जेवायला गेलात तरी त्याच्या लेखी कामच करत असता. तिथे कोड सुधारण्याआधी माऊसखाली पॅड घाला.

म्हणून मांजराला दोन्ही द्यावेत, पण वेगवेगळ्या कामांसाठी. दर सेकंदाला तपासा. निष्क्रियता ६० सेकंदांखाली असेल तर ‘वापर’ नावाचा आकडा एकने वाढवा. ६० सेकंद ते ५ मिनिटं असेल तर वाढवू नका, कमीही करू नका. माणूस पीडीएफ वाचत असेल. ५ मिनिटं पूर्ण झाली की वापर शून्य. याला अपवाद एकच, समोरची खिडकी पडद्याएवढी असेल तर निष्क्रियता न बघता वापर वाढवा. मात्र डेस्कटॉपची स्वतःची खिडकीही पडद्याएवढीच असते, ती वगळली नाही तर सगळं मिनिमाइझ करून बाहेर गेलेला माणूस दिवसभर काम करतोय असं दिसेल.

वापर २० मिनिटं झाला की डोळ्यांची सुट्टी: २० सेकंद, सुमारे ६ मीटर दूर. खिडकीतून समोरच्या माडाच्या शेंड्याकडे बघितलं तरी चालतं, जवळ बघून आवळलेला डोळ्यातला स्नायू सैल पडतो. ही सुट्टी खरंच घेतली का, हे दोन्ही टायमरना कळू शकत नाही. वीस सेकंद तर माणूस ईमेलकडे नुसता बघतही बसतो. तेव्हा इथे गुण, मासे, बक्षिसं ठेवू नका. मांजराने पडद्याच्या कडेपर्यंत चालत जावं, वीस मोजावेत आणि परतावं, बस्स. तासाभराने उठायची पाच मिनिटांची सुट्टी मात्र निष्क्रियतेवरून बऱ्यापैकी ओळखता येते, मासा तिथे द्या.

आणि ती चुकवली म्हणून मांजर मारू नका. १९९६ सालच्या तामागोचीत, म्हणजे पाळीव प्राण्याच्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यात, दुर्लक्ष केलं की प्राणी मरायचा. कामाच्या गडबडीत असली धमकी मिळाली तर लोक आधी प्रोग्रॅमच काढून टाकतात. रुसून पाठ फिरवणं पुरे.

पायथनमध्ये खिडक्या बनवणाऱ्या टिकिंटरमध्ये थांबण्यासाठी टाइम-स्लीप वापरलंत तर खिडकीच गोठते, टिकिंटरचंच आफ्टर वापरा. दोन तपासण्यांत ३० सेकंदांहून मोठी फट दिसली तर लॅपटॉप झोपला होता असं समजा आणि ती फट निष्क्रियतेतच धरा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा डेस्कटॉप संगणक एका झटक्यात बंद पडतो आणि मांजराची माहिती साठवणारी जेसन फाइल अर्धवट लिहिलेली असेल तर पुढच्या वेळी उघडत नाही. दर मिनिटाला मांजराची अवस्था आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, मग पायथनच्या ओएस-रिप्लेसने मूळ फाइलच्या जागी ठेवा. लाइट आली की मांजर जिथे होतं तिथेच बसलेलं सापडेल.