जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवणे

आधीच्या रॅमच्या जोडीला आणखी एक पट्टी बसवणे, किंवा कमी क्षमतेची पट्टी काढून जास्त क्षमतेची लावणे, याला रॅम वाढवणे म्हणतात. पंधरा वर्षे जुन्या संगणकाला पुन्हा कामाचा करण्याचा हा स्वस्त आणि घरी जमणारा उपाय आहे. पट्टी बसवायला दहा मिनिटे पुरतात. खरी मेहनत त्याआधी, म्हणजे बोर्डाला (मदरबोर्डला, संगणकातल्या मुख्य सर्किटला) चालेल अशी पट्टी शोधण्यात असते आणि पैसे वाया जातात तेही तिथेच.

रॅम भरली की विंडोज उरलेली माहिती हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवू लागते, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असते. २ जीबीच्या मशीनवर ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटून राहतो, आणि दाबलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटते. अशा मशीनला २ वरून ४ आणि ४ वरून ८ जीबी केल्याचा फरक लगेच जाणवतो. हिशेब, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म एवढेच काम असेल तर ८ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. ते पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणाऱ्या वेगवान साठवणीवर घालावेत.

पट्टीची पिढी (डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४) आधी ओळखावी. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असतात आणि लांबीही सारखीच, त्यामुळे त्या नुसत्या नजरेला एकसारख्या वाटतात. खाच मात्र वेगळ्या जागी असते. डीडीआर४ ला २८८ पिना असतात. विजेचा दाबही निराळा आहे : डीडीआर२ साठी १.८ व्होल्ट, डीडीआर३ साठी १.५ आणि डीडीआर४ साठी १.२. खाच जुळत नसेल तर पट्टी दाबून बसवू नये, स्लॉट फुटतो. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टी साध्या डीडीआर३ बोर्डावर सहसा चालते. लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपमध्ये बसतच नाही.

दुसरी मर्यादा चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांची. इंटेलच्या जी३१ बोर्डांवर डीडीआर२ रॅम जास्तीत जास्त ४ जीबी चालते, जी४१ वर ८ जीबी, आणि एच६१ व एच८१ वर दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबी. बोर्डाचे मॉडेल बहुधा कार्डे लावायच्या स्लॉटच्या मधल्या किंवा आसपासच्या जागेत छापलेले असते; कॅबिनेट न उघडता पाहायचे असेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम तेच दाखवतो.

जी४१ बोर्डाबाबत सर्वात जास्त फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर. ४ जीबीची डीडीआर३ पट्टी दोन प्रकारे बनते : २ गिगाबिटच्या १६ चिप लावून, किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिप लावून (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). जी४१ चा मेमरी कंट्रोलर ४ गिगाबिटची चिप ओळखत नाही. म्हणून एकाच बाजूला ८ चिप असलेली नवी पट्टी त्यावर लावली की डिस्प्ले येत नाही, किंवा रॅम निम्मीच मोजली जाते. पट्टी खराब नसते. तीच एच६१ वर सुरळीत चालते. जी४१ साठी दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेली, लेबलवर ‘२आर×८’ छापलेली पट्टीच घ्यावी. नुसत्या चिपा मोजून भागत नाही, कारण फक्त एएमडी बोर्डांवर चालणाऱ्या काही स्वस्त पट्ट्यांवरही १६ चिप असतात. सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्याही स्वस्तात विकल्या जातात. त्यांच्या लेबलवर पीसी३-१०६०० या आकड्यानंतर ‘आर’ असतो, साध्या डेस्कटॉपच्या पट्टीवर ‘यू’ असतो. सर्व्हरची पट्टी स्लॉटमध्ये बसते, पण मशीन सुरू होत नाही.

इंदूरमध्ये संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एकाच छताखाली आहेत. जाताना जुनी पट्टी अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालून न्यावी आणि बोर्डाचे मॉडेल कागदावर लिहून घ्यावे. घरात मराठी असली तरी दुकानात बोलणे हिंदीतच होते. तिथे ‘जी-इकतालीस बोर्ड है, डीडीआर-थ्री, चार जीबी, सोलह चिप वाली’ एवढे म्हटले की दुकानदाराला नेमके कळते. जुनी, वापरलेली पट्टी घेताना ती तिथल्याच मशीनवर लावून दाखवायला सांगावी, आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी.

बसवताना मशीन बंद करून पॉवरची वायर काढावी आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) उरलेला चार्ज निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत माळव्याची हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज लवकर साठते. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. गालिच्यावर उभे राहून हे काम करू नये. कॅबिनेट आडवे ठेवावे. ग्राफिक्स कार्डामुळे स्लॉटची क्लिप उघडत नसेल तर आधी कार्ड काढावे. दोन्ही क्लिपा बाहेर पाडून, खाच जुळवून, पट्टीच्या दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा, सरळ दाब द्यावा. क्लिप ‘टक्’ आवाज करून आपोआप मिटली पाहिजे. अंगठा लाल होईपर्यंत दाबावे लागते, त्याने घाबरून पट्टी अर्धवट सोडू नये. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन सारख्या पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालतात, पण सगळ्या सर्वात संथ पट्टीच्या वेगाने.

सुरू केल्यावर लांब बीप पुन्हा पुन्हा वाजत असेल तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा तिच्या सोनेरी पिनांवर मळ आहे. पावसाळ्यानंतर आणि धुळीच्या खोलीतल्या मशीनवर हे नेहमीचे. पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासून कण झटकावेत. स्लॉटमध्ये खोडरबर घालू नये, तिथे कोरडा मऊ ब्रश फिरवावा. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. तरीही डिस्प्ले नसेल तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा ते कळते. त्यानंतर बोर्डावरचा सीआर२०३२ हा चपटा गोल सेल पाच मिनिटे काढून बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) मूळ स्थितीत आणावे. इतक्या जुन्या मशीनमधला सेल बहुतेक संपलेलाच असतो, तेव्हा नवा घालणेच बरे.

रॅम लागली, पण विंडोजमध्ये ‘४ जीबी, पैकी ३.२ वापरण्याजोगी’ अशा अर्थाचे दिसत असेल तर विंडोज बहुधा ३२ बिटची आहे. ती ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही, आणि त्यातलाही काही भाग इतर हार्डवेअरच्या पत्त्यांसाठी जातो. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटची विंडोज नव्याने टाकावी लागते. वरून अपग्रेड होत नाही, म्हणून आधी सगळ्या फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. बोर्डावरचे ग्राफिक्सही थोडी रॅम स्वतःकडे ठेवते, तो दोष नव्हे.

शेवटी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी मुदतीत परत करावी, कारण अशा रॅमवर मशीन महिनाभर चांगले चालून मग एखादी फाइल गुपचूप बिघडवते.