मडफ्लॅप घेताय? आधी दरवाजाखाली हात फिरवून बघा

पिकअपवाले आमच्याकडे येतात ते बहुधा मागच्या दोन मडफ्लॅपसाठी, म्हणजे चाकामागे लटकणाऱ्या पडद्यांसाठी. त्यावर कुलदैवताचं नाव, खाली रेडियमची पट्टी, कडेला काळे गोंडे. आम्ही हौसेने करून देतो. पण तुम्हाला गाडीचा रंग वाचवायचा असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मागचे फ्लॅप मुख्यतः मागून येणाऱ्यासाठी असतात. स्वतःच्या पत्र्यासाठी लागतात ते पुढचे दोन, आणि तेच बसवायला कुणी सांगत नाही.

खात्री करायची असेल तर गाडीजवळ उकिडवे बसा. पुढच्या चाकामागचा मडगार्डचा कोपरा, दरवाजाची खालची वीतभर पट्टी आणि हौद्याचा पुढचा खालचा कोपरा, एवढ्यावरून तळहात फिरवा. कण्या चिकटल्यासारखं खरखरीत लागलं, तर तिथे खड्यांनी रंग उडवलाय आणि खालून गंज फुगायला लागलाय. दुरून गाडी नवीकोरी दिसते, हाताला मात्र कळतं.

खडा एवढा जोरात का लागतो? गाडी ८० च्या वेगाने पळत असेल, तर टायरचा पृष्ठभागही तुमच्या पत्र्याच्या मानाने त्याच ८० च्या वेगाने फिरत असतो. टायरच्या नक्षीत अडकलेली कच सुटते ती जवळपास त्याच वेगाने. आणि समोरचा रंग किती जाड? कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. रस्त्यावर नुकतीच डांबर-खडी टाकलेली असेल, तर कागदाचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

आता माप. टायरवर २१५ लिहिलेलं असेल तर टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, म्हणजे साडेआठ इंच. ७.०० लिहिलेलं असेल तर साधारण ७ इंच. फ्लॅप दोन्ही बाजूंनी किमान एकेक इंच जास्त हवा, म्हणजे साडेआठच्या टायरला साडेदहा इंच. कंपनीपेक्षा रुंद टायर टाकला असेल आणि तो मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल, तर रेडिमेड फ्लॅप घेऊ नका. त्या बाहेरच्या इंचभरातून उडालेली कच थेट दरवाजावर जाते. तिथे कापून केलेलाच फ्लॅप लागतो.

उंची ठरवताना सगळ्यात जास्त चुका होतात, कारण गाडी दुकानात येते ती रिकामी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे ७५ कॅरेट चढले की दीड टन झाला. स्प्रिंगचे पाटे दबतात, मागची बाजू काही इंच खाली बसते, आणि रिकाम्या गाडीला बेताचा वाटणारा फ्लॅप रस्त्याला घासायला लागतो. म्हणून आम्ही विचारतो की रोज काय भरता, किती भरता. लोकांना वाटतं उगाच चौकशी करतात. जमलं तर भरलेली गाडीच दाखवून जा. भरल्या गाडीला फ्लॅपखाली चार-पाच इंच मोकळे राहतील असं आम्ही कापतो. पुढच्या फ्लॅपला मात्र स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे लागत नाही ना, हे बघितल्याशिवाय शेवटचा बोल्ट आवळायचा नाही.

शेतात जाणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. बांधाला मागे घेताना मागचा फ्लॅप बांध आणि टायर यांच्यात सापडतो आणि मुळासकट उपटून येतो. येताना ब्रॅकेटही वाकवतो. अशा गाडीला मागे मऊ रबर लावा आणि खालच्या कोपऱ्याला साखळी बांधा. नदीपलीकडच्या मळ्यात जायचं असेल तर साखळीने फ्लॅप वर अडकवून ठेवताही येतो.

माल कोणता घ्यावा? कडक प्लास्टिकचे फ्लॅप मडगार्डच्या वळणाला बरोबर बसतात आणि दिसतात छान. डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीला ते पुरेत, पण दगडावर आपटले की तडकतात. पीव्हीसी स्वस्त आहे, उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ताठ होतं. रबर वाकतं आणि परत सरळ होतं, म्हणून कामाच्या गाडीला आमची पसंती रबरालाच. त्यात ईपीडीएम जातीचं रबर ऊन-पाऊस जास्त सोसतं. पॉलीयुरेथेन सगळ्यात चिवट आणि सगळ्यात महाग. काहीजण कन्व्हेयर पट्ट्याचा जुना तुकडा घेऊन येतात, 'हाच लावा' म्हणतात. मागच्या लोखंडी ब्रॅकेटला लावू. पुढच्या मडगार्डला नाही, कारण त्याचं वजन पातळ पत्र्याचे बोल्ट ओढून काढतं.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका पांढऱ्या पिकअपला आम्ही पुढचे फ्लॅप पत्र्याला अगदी घट्ट चिकटवून बसवले होते. दिसायला झकास. पावसाळा संपल्यावर गाडी परत आली, फ्लॅप काढला, तर मागून वाळलेल्या काळ्या मातीची खापरी निघाली. तिच्याखाली फ्लॅपच्या कडेबरोबर कोयरीसारखा वाकलेला पट्टा, रंग जाऊन लोखंड लख्ख झालेलं. फ्लॅप थरथरत होता, फटीत वाळू होती, तिने पॉलिशपेपरचं काम केलं. रंग वाचवायला लावलेल्या वस्तूनेच रंग खाल्ला. ते काम आम्ही आमच्या खर्चाने करून दिलं.

तेव्हापासून फ्लॅप आणि पत्रा यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टला जाड रबरी वायसर घालतो, म्हणजे फटीतून पाणी आणि माती खाली निघून जाते. जिथे कड टेकणारच, तिथे आधी रंगावर पीपीएफची, म्हणजे रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवतो. कंपनीची भोकं असतील तर तीच वापरतो. नवीन भोक पाडावंच लागलं, तर त्याच्या कडेला झिंक प्रायमर आणि वर रंग लावून वाळू देतो, मगच बोल्ट. यात अर्धा दिवस जातो. घाईत असाल तर त्या दिवशी येऊ नका, कच्च्या भोकातून सुरू झालेला गंज फ्लॅपच्या आड लपून वाढतो. गाडी वॉरंटीत असेल तर पत्र्याला भोक पाडलेलं चालेल का, हे शोरूमला आधी विचारा.

गंज आधीच धरला असेल तर तो झाकायला फ्लॅप लावू नका. घासून, प्रायमर मारून, रंग देऊन मग या. बॉनेटवर आणि काचेवर बसणारे खडे पुढच्या गाडीचे असतात. त्याला आपल्या फ्लॅपचा उपयोग नाही, अंतर ठेवणं एवढंच.

बसवल्यावर पंधरा दिवसांनी एकदा गाडी आणा, सैल झालेले बोल्ट फुकट आवळून देतो. आणि कृपया येताना गाडी खालून धुऊन आणा. माळशेज उतरून-चढून आलेली गाडी तशीच उभी करता, मग आमच्या पोराचा पहिला तास बोल्ट शोधण्यात जातो.