एकाच यंत्रावर आडतीचा हिशोब आणि घरचा सिनेमा

मोंढ्यातल्या आडत दुकानाचा हिशोब विंडोजवरच्या टॅलीत असतो. घरच्या टीव्हीला सिनेमे, कीर्तनं आणि लग्नांचे व्हिडिओ पुरवणारं जेलीफिन मात्र लिनक्सवर जास्त सुखानं चालतं. ही दोन्ही कामं एकाच लहान संगणकावर होतात आणि त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, आय५-८५००टी प्रोसेसरचा मिनी पीसी पुरतो: सहा कोअर, ३५ वॅट. सोबत १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि सिनेमांसाठी वेगळी हार्डडिस्क. प्रोसेसर कमी पडला म्हणून ही जोडी बिनसते असं क्वचितच होतं. भांडण लागतं ते रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांच्या वाटणीवरून.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २००५ पासून व्हीटी-एक्स नावाची सोय आली. तिच्यामुळे व्हर्च्युअल मशीनमधल्या, म्हणजे यंत्रातल्या आभासी यंत्रातल्या, विंडोजच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. मूळ लिनक्सला अधूनमधूनच मध्ये पडावं लागतं. हे सांभाळणारा केव्हीएम हा भाग २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, सामील झाला आणि एका संगणकावर अशी अनेक यंत्रं चालवणारं प्रॉक्समॉक्स त्याच्यावरच उभं आहे. कंटेनरची, म्हणजे प्रोग्रॅमसाठी वेगळ्या केलेल्या कप्प्याची, गोष्ट वेगळी. त्याला स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमान, म्हणजे यंत्रावरच्या मूळ लिनक्सचाच कर्नल वापरतो. वाड्यात वेगळी चूल मांडलेला भाऊ आणि एकाच चुलीवर जेवणारा भाऊ, एवढा हा फरक. म्हणून विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि जेलीफिन कंटेनरमध्ये ठेवावं. जेलीफिनलाही व्हर्च्युअल मशीन देणारे बरेच असतात, पण ते फुकटचं ओझं आहे.

विंडोज टाकताना पहिली अडचण हमखास येते: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. प्रॉक्समॉक्समधली व्हर्टआयओ ही आभासी डिस्क विंडोजच्या ओळखीची नसते. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडायची आणि तिथून ड्रायव्हर घ्यायचा की डिस्क समोर येते. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, त्यामुळे ११ घेणंच बरं. त्याला यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत), टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. टीपीएम प्रॉक्समॉक्समधूनच आभासी जोडता येतं. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवावा, कोअर दोन द्यावेत. विंडोजचा परवाना मात्र वेगळा लागतो.

आता रॅम. विंडोजला ६ जीबी दिली की सुरू होतानाच ते जवळपास सगळी हाताळून घेतं आणि मग ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहत नाही. यजमानाला २ जीबी आणि जेलीफिनच्या कंटेनरला ३ जीबीची मर्यादा ठेवली तरी ५ जीबी उरते. ती वापरून टाकायचा मोह होतो, तो आवरावा. डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टिम झेडएफएस असेल तर वाचलेला डेटा हाताशी ठेवणारा तिचा एआरसी हा कॅशही रॅम खातो, आणि गरज पडल्यावर तो पटकन आकसत नाही. त्याला २ जीबीची कमाल मर्यादा घालावी. नाहीतर एक्सटी४ ही दुसरी फाइल सिस्टिम वापरून हा प्रश्नच मिटवावा.

यजमानाची रॅम संपली की कर्नल एखादी प्रक्रिया मारून जागा करतो, आणि साधारणपणे सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेली प्रक्रियाच बळी जाते. इथे ती म्हणजे विंडोजचं अख्खं मशीन. दसरा-दिवाळीनंतर सोयाबीनची आवक चालू आहे, पट्ट्या फाडणं चालू आहे, आणि घरी कोणीतरी सिनेमा लावला म्हणून टॅली गायब! कंटेनरला मर्यादा असली की ही आपत्ती कंटेनरच्या आतच मिटते. मरतं ते तिथलं व्हिडिओ रूपांतर. सिनेमा पुन्हा लावता येतो.

ग्राफिक्सचं तसंच. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हरला काम जवळपास नसतं. चालत नसेल, किंवा चित्रांच्या स्वरूपातली सबटायटल व्हिडिओवर छापायची असतील, तर व्हिडिओचं रूपांतर करावं लागतं. ४के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फाइलचं रूपांतर नुसत्या प्रोसेसरवर केलं तर सहाही कोअर घाईला येतात. प्रोसेसरमधल्याच यूएचडी ६३० ग्राफिक्सची क्विक सिंक ही रूपांतराची सोय हे काम सहज करते. एव्ही१ या नव्या पद्धतीची फाइल उलगडणं मात्र तिला जमत नाही. हे ग्राफिक्स विंडोजला बहाल केलं तर जेलीफिनच्या हाती काही उरत नाही, आणि टॅलीला त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे रेंडर डिव्हाइस, म्हणजे लिनक्समधलं या ग्राफिक्सचं दार, कंटेनरला जोडावं. जोडूनही ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर ते वापरायची परवानगी असलेल्या रेंडर गटाचा क्रमांक तपासावा: यजमानात तो एक असतो, कंटेनरमध्ये दुसरा, आणि द्यायचा तो कंटेनरमधला.

विंडोजची डिस्क एसएसडीवर, सिनेमे हार्डडिस्कवर. फिरणारी हार्डडिस्क विखुरलेल्या नोंदींची सेकंदाला शंभरेक कामंच उरकते. विंडोज तिच्यावर ठेवलं तर सिनेमा चालू असताना माउसही अडखळतो. रूपांतराच्या तात्पुरत्या फाइलींकडेही लक्ष हवं. कंटेनरची डिस्क मूळ ८ जीबीचीच असेल तर ती एका मोठ्या सिनेमात भरू शकते. त्याहून वाईट म्हणजे एसएसडीवर आहे त्यापेक्षा जास्त जागा कागदोपत्री वाटून ठेवणं. अशी वाटणी होऊ देणारा थिन पूल शंभर टक्के भरला की विंडोजचं मशीन ‘आयओ-एरर’ दाखवून जागच्या जागी थिजतं.

बाहेरून पोहोचायला वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित खाजगी वाट) वापरावं. विंडोज दुरून चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नये.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत ४० अंश असतील तर चालती डिस्क ५० च्या पुढे सहज जाते, आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० च्या आसपास असते. जुन्या घरातली माळवदाची खोली यासाठी उत्तम. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये. त्या हवेत ओल असते आणि बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसतात. सरासरी २५ वॅट धरले तर महिन्याला १८ युनिट वीज लागते.

खरी परीक्षा वीज जाण्याची. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर यूपीएस नीट टिकत नाही, साइन वेव्हच हवा. यूपीएस यूएसबी पोर्टचा मागून घ्यावा, स्वस्तातल्यांना तो बहुधा नसतो. त्या वायरीवरून एनयूटी हा प्रोग्रॅम बॅटरी उतरल्याचं ओळखून यंत्र बंद करतो. विंडोजमध्ये यजमानाचा निरोप घेणारा क्यूईएमयू गेस्ट एजंट टाकून ठेवावा, म्हणजे बंद होण्याची सूचना ते टाळत नाही. प्रॉक्समॉक्स मुळात १८० सेकंद थांबतं, मग मशीन सक्तीनं बंद करतं. त्याच वेळी अपडेट चालू असेल तर विंडोज बिघडू शकतं. ती मुदत ३०० सेकंद करावी आणि बॅटरीत दहा मिनिटं शिल्लक असतानाच बंद करायची सूचना जाईल असं ठरवावं. वीज आल्यावर आधी विंडोज सुरू व्हावं, आणि जेलीफिन त्यानंतर दोन मिनिटांनी.