स्कीची खालची कड आणि बाजूची कड: कानस कुठे चालवायची?

जळगावात स्कीची जोडी बाळगणारे किती, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. पण औलीला किंवा गुलमर्गला शिकून आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कुणाची तरी जुनी जोडी विकत घेतो, दिल्लीहून पंजाब मेलने भुसावळला उतरवतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की इथे हिची निगा राखणारं कुणी नाही. कानस स्वतःच हातात घ्यावी लागते. घोटाळा होतो तो तिथेच. धार लावायची ती खालून की बाजूने?

स्कीच्या तळाला दोन्ही काठांनी पोलादी पट्टी असते, साधारण 2 मिलिमीटर रुंदीची. तिची दोन अंगं उघडी असतात. बर्फाला टेकते ती खालची कड आणि बाहेर बघते ती बाजूची कड. दोन्ही जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. बोलताना मात्र आपण या तिन्हींना सरसकट धारच म्हणून मोकळे होतो.

दोघींची कामं वेगळी आहेत. खालची कड तळाशी अगदी सपाट नसते, बाहेरच्या बाजूला ती अर्धा ते एक अंश वर उचललेली असते. म्हणून सरळ घसरताना धार बर्फात अडकत नाही, आणि वळताना स्की किती कलंडवल्यावर धार लागेल, हेही याच कोनावर ठरतं. बाजूच्या कडेकडे पकडीचं खातं. ती काटकोनापेक्षा 1 ते 3 अंश आत झुकवलेली असते. जितकी जास्त झुकवाल तितकी कडक बर्फावर पकड बसते आणि तितकीच ती लवकर बोथट होते. इथे आणखी एक गंमत आहे. कुणी या कडेला ‘2 अंश’ म्हणतो, कुणी ‘88 अंश’. दोघं एकच सांगत असतात, 90 मधून वजा करा.

पहिल्या वर्षी मी विळ्याला लावतात तशी दोन्हीकडून सढळ हाताने कानस मारली. नखावर धार मस्त लागत होती. औलीत पहिल्याच वळणावर स्की लादीवर सांडलेल्या साबणावरून जावी तशी सरकत गेली. धार होती, पण खालून इतकं पोलाद गेलं होतं की स्की खूप कलंडवल्याशिवाय ती बर्फाला लागतच नव्हती. हिशेब करून बघा. 2 मिलिमीटर रुंदीवर 1 अंश म्हणजे जेमतेम 0.035 मिलिमीटरचा फरक, केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याशा जागेत हाताच्या अंदाजाला काय किंमत! शिवाय खालचं पोलाद एकदा गेलं की परत येत नाही. पूर्ण तळच मशीनवर घासून खाली आणावा लागतो, आणि ते मशीन जळगावात कुठून आणणार?

म्हणून दर वेळी कानस चालवायची ती बाजूच्या कडेवर. खालच्या कडेवर कानस नको, तिथे फक्त हलका दगड.

हे मला खऱ्या अर्थाने समजलं ते आमच्या गल्लीतल्या सुतारमामांमुळे. ओट्यावर मी दोन स्टुलांवर स्की उलटी बांधून बसलो होतो. ते थांबले, “हाई काय शे, भाऊ?” म्हणाले, आणि सांगितल्यावर पटाशी काढून दाखवली. पटाशीला उतार एकाच बाजूला असतो. धार त्या उताराला लावायची, पाठ सपाटच ठेवायची. उताराकडून घासलं की पोलादाचा बारीक पापुद्रा पाठीकडे वळतो, वर्कशॉपात त्याला बर म्हणतात. तो काढायला पाठ दगडावर एकदा फिरवायची, बस. स्कीचंही तसंच. बाजूने घासलं की बर खाली येते, आणि बोटाला ती जाणवली की नवख्याला वाटतं खालची कडही घासायला हवी. फक्त एका ठिकाणी मामांची पटाशी आणि माझी स्की वेगळी पडते. पटाशीची पाठ दगडावर सपाट टेकते. स्कीची खालची कड आधीच उचललेली असल्याने दगड तिच्याच कोनाच्या गाइडमध्ये, म्हणजे कोन पक्का धरणाऱ्या साच्यात, धरूनच फिरवायचा, एक-दोन हलके हात, तेही दगड ओला करून.

बाजूच्या कडेला सुरुवातही दगडाचीच, डायमंडच्या. औलीत बर्फ पातळ असला की खालचे खडे लागतात. खड्यावर घासली गेलेली जागा इतकी टणक होते की कानस तिच्यावरून नुसती घसरते आणि स्वतःच बोथट होते. आधी तो टणकपणा दगडाने उतरवा, मग कानस गाइडमध्ये अडकवून टोकाकडून शेपटीकडे लांब, हलके हात द्या. त्याआधी कडेवर मार्करने रेघ ओढून ठेवा. शाई सगळ्या रुंदीवरून सारखी गेली तर कोन जुळला. नुसती वरच्या किंवा खालच्या काठाची गेली तर गाइड बदला, जोर लावू नका. शेवटी नख धारेवर आडवं ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला की पुरे.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. स्की तिथे नको, आतल्या खोलीत गारव्याला ठेवा. ठेवण्याआधी तळावर जाड वॅक्स द्या आणि ते दोन्ही कडांवरूनही ओघळू द्या, म्हणजे पावसाळ्याच्या दमटपणात गंज चढत नाही. हे वॅक्स खरवडायचं नाही, ते हिवाळ्यात निघताना. वॅक्स वितळवायची इस्त्री कपड्यांच्या इस्त्रीहून वेगळी ठेवा, नाहीतर घरातून होणारी धुलाई माझ्यासारखी तुम्हालाही सोसावी लागेल. बूट अडकवायच्या बाइंडिंगच्या स्प्रिंगला मात्र घरी हात लावू नका. पडल्यावर पाय सुटतो की मोडतो, ते तिच्यावर असतं. ती तिकडेच, जाणकाराकडून तपासून घ्या.

मामांनी परवा पुन्हा विचारलं, गाइडची ती पट्टी दोन दिवस देशील का. रंध्याच्या पात्याला लावून बघायची आहे म्हणे.